चेहऱ्याची आग का होते? : वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

या अंकासाठी आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. चेहऱ्याची आग होऊ लागली की बहुतेक जण काहीतरी नवे लावायला सुरुवात करतात. जे लावतो आहोत त्यातले काय थांबवावे, हा विचार फार थोड्यांच्या मनात येतो. त्याच विचाराशी संबंधित काही पत्रे येथे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. गेल्या वर्षभरापासून चेहरा धुतला की त्वचा ओढल्यासारखी होते आणि आता तर साधे क्रीम लावले तरी गालांची आग होते. आरशात पाहिले तर कधी हलकी लाली दिसते, एरवी काहीच नाही, त्यामुळे घरच्यांना हे माझ्या मनाचे खेळ वाटतात. मी दिवसातून चार वेळा फेसवॉश वापरते, आठवड्यातून दोनदा स्क्रब करते आणि ‘संवेदनशील त्वचेसाठी’ असे लिहिलेली सहा उत्पादने आतापर्यंत वापरून झाली आहेत. माझे काय चुकते आहे?

उत्तर : हे मनाचे खेळ नाहीत, हे तुम्ही घरच्यांना निःशंकपणे सांगा. खाजेच्या अभ्यासासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये संवेदनशील त्वचेची जी व्याख्या केली, तिच्यात हेच म्हटले आहे : ज्या गोष्टींनी एरवी काही होऊ नये, त्यांनी चरचर, आग, वेदना, खाज किंवा चुणचुण होणे, आणि त्या वेळी त्वचा दिसायला अगदी नेहमीसारखीही असू शकते. म्हणजे ‘काही दिसत नाही’ हा तक्रार खोटी असल्याचा पुरावा नव्हे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी काही ग्राहके, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिने (रिसेप्टर), असतात. त्यांपैकी टीआरपीव्ही-१ हे ग्राहक अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधले आणि त्या वाटेवरच्या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडते आणि मेंदूला ‘भाजते आहे’ असा निरोप जातो. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या सान्निध्यात मात्र ते याहून बऱ्याच कमी तापमानालाही उघडू शकते. त्वचेचा वरचा थर विरळ झाला की अशी द्रव्ये या टोकांपर्यंत सहज पोहोचतात, आणि मग क्रीम थंडगार असले तरी गाल पेटल्यासारखे वाटतात.

हा वरचा थर विरळ का झाला असावा, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. चेहऱ्यावरचे हे संरक्षक आवरण मिलिमीटरच्या एक-दोन शतांश भागांइतकेच जाड असते. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे : चपट्या, मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. या चुन्यात वजनाने जवळपास निम्मे सिरॅमाइड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात, उरलेल्यात मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. साबणाच्या किंवा फेसवॉशच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलाला; म्हणूनच तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. पण दिवसभराचा मळ कोणता आणि भिंतीतला चुना कोणता, हा फरक त्या रेणूला करता येत नाही. प्रत्येक धुण्याबरोबर चुन्याचाही थोडा अंश जातो.

त्यात सामूचा, म्हणजे पीएचचा, प्रश्न आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ४.५ ते ५.५ च्या आसपास राहतो. पारंपरिक साबणाचा सामू ९ ते १० असतो. सिरॅमाइड तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात, तर पेशींमधले सांधे तोडणारी विकरे सामू वाढला की अधिक जोमाने चालतात. साबणाने धुतल्यावर बांधकाम मंदावते आणि पाडकाम वाढते, असे हे दुहेरी नुकसान आहे. निरोगी त्वचा यातून काही तासांत सावरते. तुम्ही मात्र दर चार तासांनी पुन्हा धुता आणि आठवड्यातून दोनदा त्या भिंतीवरून खरखरीत कण फिरवता, म्हणजे तिला सावरायला उसंतच मिळत नाही.

आता काय करावे? आधी थांबवण्याच्या गोष्टी. स्क्रब आजपासून बंद. टोनर, सीरम, आम्लयुक्त उत्पादने, मुखलेप, सुगंधी पुसण्या हे सर्व काही काळ बाजूला ठेवा, त्यांतले एखादे महागडे असले तरी. सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुवा. रात्री एकदाच साबणविरहित, सुगंधविरहित सौम्य क्लीन्झर घ्या. तो हाताच्या बोटांनी, न घासता, वीस-तीस सेकंद फिरवा आणि कोमट पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवा. केसांची कड, जबड्याखालचा भाग आणि नाकपुड्यांच्या खाचा या तीन ठिकाणी क्लीन्झर हमखास राहून जातो आणि रात्रभर तिथली त्वचा चिडते. मऊ पंचाने टिपून घ्या, रगडू नका. त्वचा अजून ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर लावा. त्यात ग्लिसरीन, पेट्रोलॅटम, सिरॅमाइड यांसारखे घटक असावेत आणि घटकांची यादी जितकी छोटी तितके बरे. तेही झोंबत असेल तर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर द्या. ती सहसा झोंबत नाही, कारण तिच्यात पाणी, सुगंध आणि परिरक्षके नसतात.

हा क्रम किमान चार ते सहा आठवडे पाळा. एकदाच खरवडलेले आवरण निरोगी तरुण त्वचेत साधारण तीन दिवसांत भरून येते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण महिनोन्‌महिने चिडलेल्या त्वचेचा हळवेपणा कमी व्हायला कित्येक आठवडे लागतात. पहिल्या दहा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सातव्या उत्पादनाकडे वळू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. त्वचा शांत झाल्यावर काही परत सुरू करायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट, आणि दोन गोष्टींमध्ये दोन आठवड्यांचे अंतर ठेवा. सहा आठवड्यांनंतरही नुसत्या पाण्याने आग होत असेल, किंवा उष्णतेने, उन्हाने, श्रमाने चेहरा लालबुंद होऊन ती लाली टिकून राहत असेल, तर रोझेशिया या त्वचाविकाराची शक्यता तपासायला हवी. त्यावर वेगळे उपचार आहेत.

प्रश्न : गरम पाण्याने रंध्रे उघडतात आणि थंड पाण्याने बंद होतात असे ऐकले आहे. मी आधी वाफ घेते, मग बर्फाच्या पाण्याने चेहरा धुते. शिवाय नव्या क्लीन्झरला फेसच येत नाही, त्यामुळे चेहरा स्वच्छ झाल्यासारखा वाटत नाही.

उत्तर : रंध्रांना दार नसते आणि त्यांना उघडझाप करणारे स्नायूही नसतात. गरम पाण्याने त्वचेवरचा तेलकटपणा सैल होतो, थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्वचा क्षणभर घट्ट वाटते. यापलीकडे काही घडत नाही. गरम पाणी आणि वाफ मात्र संवेदनशील त्वचेची लाली नक्की वाढवतात, आणि त्यामागोमाग बर्फ म्हणजे रक्तवाहिन्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकणे आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार वाटेल असे पाणी योग्य.

फेसाचा आणि स्वच्छतेचा थेट संबंध नाही. फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा. तो भरपूर यावा म्हणून घातलेले काही घटक, उदाहरणार्थ सोडियम लॉरिल सल्फेट, त्वचेला चांगलेच त्रासदायक असू शकतात. त्वचेला मुद्दाम त्रास देऊन तिची प्रतिक्रिया मोजायची असते तेव्हा प्रयोगशाळेत हेच द्रव्य वापरतात. धुतल्यावर चेहरा बोटांखाली ‘करकर’ वाजतो ती स्वच्छता नव्हे, तो स्निग्धांश गेल्याचा आवाज आहे. तुमच्याकडचे पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असेल, तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात आणि तो त्वचेवर बसतो. साबणविरहित क्लीन्झरमुळे असा साका होत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

प्रश्न : मी रोज सनस्क्रीन आणि थोडा मेकअप वापरते. रात्री मायसेलर वॉटरने पुसून झोपते, कारण बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असे लिहिले आहे. सकाळी डोळ्यांभोवती आणि गालांवर चुणचुण असते.

उत्तर : मायसेलर वॉटर हे साधे पाणी नाही. त्यात क्लीन्झरसारखीच, पण सौम्य आणि विरळ, मळ उचलणारी द्रव्ये असतात. त्यांचे सूक्ष्म पुंजके तेलकट कण आपल्यात ओढून घेतात. न धुता झोपल्यास ती द्रव्ये रात्रभर त्वचेवर राहतात. अनेकांना त्याचा त्रास होत नाही, तुम्हाला होतो आहे. म्हणून पुसून झाल्यावर कोमट पाण्याने चेहरा धुवा, बाटलीवर काहीही लिहिलेले असो. दुसरे कारण कापसाच्या बोळ्याने घासण्याचे असू शकते. पाण्याने न निघणारी प्रसाधने घासून काढण्यापेक्षा बोळा भिजवून काही सेकंद नुसता टेकवून ठेवावा, मग एकदाच हलक्या हाताने ओढावा.

तेलाने तेल विरघळते हे तत्त्व फार जुने आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन यांच्या नावे सांगितले जाणारे कोल्ड क्रीम म्हणजे मेण, तेल आणि पाणी यांचे मिश्रणच होते. आजही टिकाऊ सनस्क्रीन काढायला सुगंधविरहित क्लीन्झिंग बाम किंवा मिनरल ऑइलवर आधारलेले क्लीन्झर चालते. फक्त त्यानंतर दुसरा फेसाळ फेसवॉश वापरलाच पाहिजे असा नियम नाही. संवेदनशील त्वचेला दोनदा धुण्याने मिळते त्यापेक्षा जाते अधिक. सनस्क्रीनमुळेच डोळे चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले वापरून पाहा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा विद्यार्थी आहे. चेहरा तेलकट आहे आणि मुरुमे आहेत. डॉक्टरांनी रात्री लावायला ट्रेटिनॉइन आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड दिले. दोन आठवड्यांत चेहरा लाल झाला, सालपटे निघू लागली, म्हणून घाण राहू नये यासाठी मी आणखी वेळा धुऊ लागलो. आता औषध लावताच डोळ्यांतून पाणी येते. औषध बंद करू का?

उत्तर : सरसकट बंद करू नकोस, पण लावण्याची पद्धत बदल. मुरुमे घाणीमुळे होत नाहीत, ही गोष्ट आधी मनावर ठसव. केसाच्या मुळाशी असलेल्या नलिकेच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते, मागे तेल साठते, तिथले जिवाणू वाढतात आणि दाह होतो. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा आणि हवेशी संयोग पावलेल्या स्निग्धांशाचा असतो. त्यामुळे जास्त वेळा धुऊन मुरुमे कमी होत नाहीत. सकाळ-रात्र मिळून दोनदा, आणि खूप घाम आला तर एकदा अधिक, एवढे पुरे.

ट्रेटिनॉइनने पहिल्या दोन ते चार आठवड्यांत कोरडेपणा आणि सालपटे येणे अपेक्षित असते. रात्री चेहरा धुतल्यावर वीस-तीस मिनिटे पूर्ण कोरडा होऊ दे. ओल्या त्वचेत औषध अधिक खोल जाते आणि अधिक झोंबते. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे औषध पुरते. आधी मॉइश्चरायझरचा हलका थर, मग औषध, हवे तर पुन्हा मॉइश्चरायझर, असे केले तरी चालते. आत्ता चेहरा इतका पेटलेला असताना चार-पाच दिवस दोन्ही औषधे थांबव, सौम्य क्लीन्झर आणि मॉइश्चरायझर एवढेच ठेव, आणि मग ट्रेटिनॉइन दर तिसऱ्या रात्री सुरू कर. त्वचेने सहन केले तर एक दिवसाआड. नाकपुड्या, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचा भाग टाळायचा. बेंझॉइल पेरॉक्साइडचे प्रमाण किती आहे ते नळीवर पाहा. २.५ टक्क्यांचे औषध ५ आणि १० टक्क्यांच्या औषधाच्या जवळपास तितकेच काम करते आणि त्रास कमी देते, हे १९८० च्या दशकातच दिसून आले होते. तुझे १० टक्क्यांचे असेल तर डॉक्टरांशी बोलून बदलून घे. पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि ते आठवडे औषध सहन होण्यावर सगळे अवलंबून आहे. ट्रेटिनॉइन वापरणाऱ्या इतर वाचकांसाठी एक सूचना : गर्भधारणेचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

प्रश्न : माझ्या फक्त पापण्यांना खाज येते, त्या सुजतात आणि त्यांवर कोरडे पापुद्रे धरतात. डोळ्यांना मी काहीच लावत नाही. फेसवॉश बदलला, क्रीम बदलले, ‘हायपोअलर्जेनिक’ आणि ‘नैसर्गिक’ लिहिलेलेच घेते, तरी दर काही आठवड्यांनी हे परत होते.

उत्तर : ‘डोळ्यांना काहीच लावत नाही’ हे वाक्य अशा रुग्णांकडून नेहमी ऐकायला मिळते आणि ते बहुधा खरेही असते. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ. जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यामुळे दुसरीकडे लावलेल्या वस्तूची ॲलर्जी आधी पापणीवर उमटते. नखांचे पॉलिश हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे : बोटे ठणठणीत राहतात आणि पापण्या सुजतात, कारण दिवसभरात आपण नकळत कितीतरी वेळा डोळ्यांना हात लावतो. नखांवरच्या जेल आणि कृत्रिम नखांमधली ॲक्रिलेटेसुद्धा असे करतात. शाम्पू आणि कंडिशनर डोक्यावरून ओघळून पापण्या, कानांच्या मागचा भाग आणि मानेच्या बाजू यांवरून जातात, तेव्हा तिथेही पुरळ असेल तर शाम्पूवर संशय घ्यावा. केसांचा रंग, हवेत फवारलेली सुगंधी द्रव्ये, पापण्या वळवायच्या साधनातले निकेल, डोळ्यांत घालायचे थेंब, हे सगळे यादीत येते.

येथे झोंबणे आणि ॲलर्जी यांतला फरक समजून घ्यायला हवा. झोंबणे हे कोणालाही होऊ शकते, लावल्यावर लगेच होते आणि प्रमाण कमी केले की कमी होते. ॲलर्जिक दाहात शरीराची प्रतिकारयंत्रणा एक विशिष्ट द्रव्य लक्षात ठेवते; त्याचा स्पर्श झाल्यावर साधारण एक ते तीन दिवसांनी खाज आणि पुरळ येते, आणि अगदी थोडे द्रव्यही पुरते. हा मधला काळ रुग्णाला चकवतो. सोमवारी वापरलेल्या वस्तूचा त्रास बुधवारी झाला तर दोष बुधवारच्या वस्तूवर येतो, आणि तुम्ही ज्या वस्तू बदलत बसलात त्यांत खरी वस्तू नसण्याचे कारण हेच असू शकते. वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरलेल्या वस्तूचीही ॲलर्जी एखाद्या दिवशी सुरू होऊ शकते.

लेबलांवर विसंबू नका. ‘हायपोअलर्जेनिक’ या शब्दासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही कोणतेही बंधनकारक मानक नाही. उत्पादक त्याचा जो अर्थ लावतो तो. ‘नैसर्गिक’ हा शब्द तर आणखी सैल आहे. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत असणारी लिमोनीन आणि लिनालूल ही द्रव्ये हवेशी संयोग पावली की ॲलर्जी निर्माण करतात. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूत मूळ वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य असू शकते, म्हणून ‘सुगंधविरहित’ हा शब्द पाहा आणि घटकांची यादीही वाचा. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक यादीत असेल तर तुम्ही ती वस्तू टाळा. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाह संस्थेने २०१३ मध्ये त्यालाच वर्षाचा ॲलर्जीकारक घटक म्हणून जाहीर केले होते. क्लीन्झरमध्ये सौम्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोकामिडोप्रोपिल बिटेनवर २००४ मध्ये हीच पाळी आली होती, हेही येथे नोंदवते. सौम्य म्हणजे ॲलर्जीपासून मुक्त असा अर्थ होत नाही.

तुम्हाला पॅच टेस्टची गरज आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निदानाचा आधार आहे. पाठीवर संशयित द्रव्यांच्या छोट्या चकत्या ४८ तास चिकटवून ठेवतात, त्या काढल्यावर एकदा आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा त्वचा पाहतात. दुसरी तपासणी चुकवू नका, कारण काही प्रतिक्रिया उशिरा येतात. नवे क्रीम घरी तपासायचे असेल तर ते कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. एका तासात काही झाले नाही म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. धुऊन टाकायच्या वस्तू मात्र अशा तशाच लावून ठेवू नयेत. तपासणी होईपर्यंत नखांचे पॉलिश पूर्ण काढून टाका. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, तर पॅच टेस्टची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.

प्रश्न : नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत लाली व पिवळट पापुद्रे येतात. कोरडेपणा समजून मी रोज तेल लावतो, तर ते वाढते. डोक्यात कोंडाही आहे.

उत्तर : तुम्ही वर्णन केलेले चित्र कोरडेपणाचे नसून बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिसचे आहे, आणि डोक्यातला कोंडा हा त्याचाच सौम्य भाऊ. मॅलॅसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते. तिला वाढायला मेदाम्ले लागतात आणि वनस्पतिजन्य तेलांतून ती मिळतात. म्हणून तेल बंद करा. केटोकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध २ टक्के असलेले क्रीम दोन ते चार आठवडे आणि त्याच औषधाचा शाम्पू, असा उपचार डॉक्टर सहसा देतात. कोंड्यावर उपचार केला नाही तर चेहरा पुन्हा पुन्हा बिघडतो. हा विकार परतून येतो, पण दर वेळी लवकर आवरतो.

प्रश्न : दाढी केल्यावर मानेची आग होते आणि बारीक फोड येतात. आफ्टरशेव्हने थंड वाटते, पण दुसऱ्या दिवशी त्रास अधिक असतो.

उत्तर : तो थंडावा मेंथॉलचा आहे. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना उघडते. त्वचा प्रत्यक्षात थंड झालेली नसते, आणि त्याच बाटलीतले अल्कोहोल ताज्या ओरखड्यांवर काम करत असते. आफ्टरशेव्ह सोडा. आंघोळीनंतर, केस दोन-तीन मिनिटे भिजलेले असताना, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, त्वचा न ताणता दाढी करा. मानेवर ती दिशा बऱ्याचदा आडवी असते, म्हणून आधी बोट फिरवून पाहा. केस आत वळून फोड येत असतील तर ट्रिमरने मिलिमीटरभर केस ठेवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी चेहऱ्यावर काळे डाग होते तेव्हा मैत्रिणीने तिची नळी दिली. डाग गेले, चेहरा उजळला. तेव्हापासून रोज लावते. आता एक दिवस जरी लावले नाही तरी चेहरा लाल होतो, आग होते, फोड येतात. लावले की तासाभरात शांत. नळीवर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे लिहिले आहे. हे क्रीम मला आयुष्यभर लागेल का?

उत्तर : नाही, लागणार नाही. पण यातून बाहेर पडायला काही महिने लागतील आणि ते तुम्ही एकटीने करू नये.

मोमेटासोन हे स्टिरॉइड आहे. त्वचेवर लावायचे हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये उपचारात आले आणि त्वचारोगशास्त्राचा चेहराच बदलला. योग्य जागी, योग्य काळ वापरलेली स्टिरॉइड उत्तम औषधे आहेत आणि मी स्वतः ती रोज लिहून देते. डागांवर या तीन प्रकारच्या औषधांचे मिश्रण क्लिगमन आणि विलिस यांनी १९७५ मध्ये मांडले आणि आजही त्या धर्तीचे उपचार काही आठवड्यांपुरते, देखरेखीखाली दिले जातात. काही आठवडे आणि दोन वर्षे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चेहऱ्याची त्वचा औषध फार शोषते : १९६७ च्या फेल्डमन आणि मायबाख यांच्या मोजमापांत हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या तुलनेत कपाळावर सुमारे ६ पट आणि जबड्याच्या भागावर सुमारे १३ पट शोषले गेले होते. इतका काळ रोज लावल्याने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरुमांसारखे फोड येतात. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसून ठेवते आणि दाह दाबून ठेवते. ते थांबताच त्या एकदम रुंदावतात आणि दाबलेला दाह उसळून येतो. क्रीम न लावल्याने होणारी आग हा तुमच्या मूळ आजाराचा भाग नसून त्या क्रीमचाच परिणाम आहे. ‘लावले की शांत होते’ हा त्या क्रीमच्या गरजेचा पुरावा मानू नका.

यात तुमची चूक शोधत बसण्यात अर्थ नाही. उजळ दिसण्याचे जे दडपण आपल्या मुलींवर असते त्यातून या नळ्या हातोहात फिरतात, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. नळी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि दोन वर्षे रोज लावल्याचे स्पष्ट सांगा. अनेक जण लाजेने ‘कधीतरी लावते’ म्हणतात आणि मग उपचार चुकतात. डॉक्टर ते एकदम थांबवतील किंवा आधी सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू सोडवतील. मधल्या काळासाठी टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. टॅक्रोलिमस पहिले काही दिवस झोंबते, हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे घाबरून सोडणार नाही.

थांबवल्यावर पहिले काही आठवडे अवघड जातात. चेहरा आत्तापेक्षा अधिक लाल दिसेल, आणि नेमक्या त्याच दिवसांत जुनी नळी परत घ्यावीशी वाटेल. ती घरात ठेवू नका. थंड पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कपडा दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवल्याने आग कमी होते. दिवसातून तीन-चार वेळा हे करता येते. धुण्याच्या बाबतीत पहिल्या पत्राला सांगितलेलाच क्रम, त्याहूनही कमी : फोड ओले असतील तोवर क्लीन्झरही नको, फक्त पाणी आणि पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टर सांगतील ते मॉइश्चरायझर. बाहेर पडताना टोपी आणि सावली यांचा आधार घ्या, कारण सनस्क्रीनही सुरुवातीला झोंबू शकते. दर दोन आठवड्यांनी त्याच उजेडात, त्याच जागी चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा; रोज आरसा पाहणाऱ्याला न दिसणारी सुधारणा त्या फोटोंत दिसते.